उंचीचा रकाना

भूमी अभिलेख खात्याच्या चाकरीत ज्याचे आयुष्य गेले त्याला जमिनीविषयी नेमके काय ठाऊक असते, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की तिची लांबी ठाऊक असते, रुंदी ठाऊक असते, तिची प्रत, तिचा आकार, तिचा कब्जेदार, तिच्या चतुःसीमा आणि तिच्यापायी भावाभावांत झालेले दावे हे सारे मुखोद्गत असते. ठाऊक नसते ती फक्त तिची उंची. खटाव तालुक्याच्या वडूजच्या कचेरीत रुमालांत बांधून ठेवलेली जी टिपणे, जी फाळणीपत्रके, जे गटनकाशे आणि जी आकारफोडपत्रके माझ्या हातांखालून गेली, त्यांपैकी एकातही अमुक शेत शेजारच्या शेताहून किती फूट उंच आहे हे सांगणारा रकाना मला आढळला नाही. तो कोणी गाळला होता असे नव्हे. तो मुळात आखलाच गेला नव्हता.

याचे कारण उघड आहे आणि ते सरकारच्या गरजेत आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अंमलदारांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या मोजणीचा पाया घातला आणि जी पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात रूढ झाली, तिचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. आणि सारा बसतो तो क्षेत्रावर आणि मातीच्या प्रतीवर, चढउतारावर नव्हे. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब इतका सुटसुटीत होता की निरक्षर साखळीवालाही तो बोटांवर करी. मात्र याच शिस्तीतला एक नियम असा होता की उतारावर मोजताना साखळी जमिनीला टेकवायची नाही. ती आडवी ताणून धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा आणि पायरीपायरीने खाली उतरायचे, म्हणजे चढाची लांबी क्षेत्रात शिरत नाही आणि रयतेवर नसलेल्या जमिनीचा सारा बसत नाही. नियम न्याय्यच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की उंची मोजली गेली नाही एवढेच नव्हे, तर ती हिशेबातून काढून टाकण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या भूकरमापकांना मिळत गेले, आणि मीही ते निष्ठेने घेतले.

पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबरांचे गट झाले, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, साखळी जाऊन फलकयंत्र आले, फलकयंत्र जाऊन इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आले, आणि आता उपग्रहांशी बोलणारा रोव्हर काठीवर चढवून आमची तरुण मुले सकाळची मोजणी दुपारच्या जेवणाआधी आटोपतात. गंमत अशी की हा रोव्हर प्रत्येक बिंदूबरोबर त्याची उंचीही इमानेइतबारे टिपत असतो. पण अर्जदाराच्या हाती मोजणी नकाशाची जी ‘क’ प्रत पडते तिच्यावर ती उतरत नाही, कारण नमुन्यात तिला जागा नाही.

उंची कोणीच मोजत नव्हते असे मात्र नाही. ती लष्करासाठी मोजली जात होती. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग हा जन्माने लष्करी आणि त्याचे समोच्चरेषांचे नकाशे हे सेनापतीच्या उपयोगाचे. कारण तोफेला डोंगराची उंची कळल्यावाचून गोळा डोंगरापलीकडे टाकता येत नाही. हे नकाशे सामान्य माणसाला सहजी मिळत नसत, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानेही ‘संरक्षण मालिका’ आणि ‘खुली मालिका’ अशा दोन पंक्ती मांडल्याच. त्यातून खुल्या पंक्तीतला नकाशा हाती आला तरी त्यात दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटरांचे अंतर. आमच्या खटाव तालुक्यातल्या कितीतरी गावांचे अख्खे बागायत शिवार त्या दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावून जाते. थोडक्यात, महसूल खात्याला उंची नको होती आणि लष्कराला ती द्यायची नव्हती. तिची खरी गरज ज्याला होती तो शेतकरी दोन्ही दरवाजांबाहेर उभा राहिला.

खरी गरज म्हणतो ती अशी. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. महादेवाच्या डोंगररांगांतून निघून येरळा दक्षिणेला जाते आणि सांगलीकडे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते; पण बहुतेक वर्षी उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वेड्या बाभळीच अधिक. अशा मुलखात पाऊस किती पडला याच्याइतकाच पडलेला पाऊस कोठून कोठे धावतो हा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो शुद्ध उंचीचा प्रश्न आहे. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोरे दुष्काळी कामावर सुकडी खात खडी फोडायला जात असू, तेव्हा पाझर तलावाची जागा ठरवायला आलेला ओव्हरसियर डंपी लेव्हल तिपाईवर मांडून एक डोळा मिटी आणि समोर रंगीत पट्ट्यांची काठी धरून उभ्या असलेल्या मजुराला हाताने डावीउजवी सरकायला लावी, हे मी तासन्‌तास पाहिले आहे. उंची मोजण्याचे ते माझे पहिले दर्शन. पुढे वाचनात आले की त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ साली, अपोलो १५ या यानाने चंद्राभोवती फिरत लेसर किरणांनी चंद्राच्या डोंगरदऱ्यांची उंची मोजली होती. चंद्राची उंची लेसरने आणि खटावची काठीने, असा तो काळ होता.

लेसरची जन्मकथा मला मोठी वेधक वाटते, ती तारखेमुळे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ह्यूजेस संशोधनशाळेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. ह्यूजेस ही लढाऊ सामग्री बनवणारी कंपनी; त्यामुळे वर्ष उलटते न उलटते तोच तिथल्या मंडळींनी त्या किरणाला लक्ष्यावर टाकून, परत येणाऱ्या उजेडाचा वेळ मोजून, अंतर काढण्याचे यंत्र सिद्ध केले. तत्त्व साधे आहे. उजेड सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटिमीटर. जाऊन परत यायचे असल्याने तेवढ्या वेळात मोजले जाणारे अंतर १५ सेंटिमीटर. घड्याळ तेवढे बारीक हवे, एवढीच अट. तोफखान्यांनी आणि रणगाड्यांनी हे यंत्र उचलले, आणि जगभरच्या सैन्यांत ते दुर्बिणीइतके सामान्य होऊन बसले.

मला ते समजले ते पुस्तकातून नव्हे. सातारा जिल्हा हा शिपायांचा जिल्हा, आणि आमच्याकडे पलटणीतून आलेल्या कोणालाही, मग त्याचा हुद्दा काहीही असो, गाव ‘मेजर’ म्हणून मोकळे होते. माझे शेजारी मात्र खरोखरीचे सुभेदार. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेले आणि उमेदीची वर्षे पुढच्या चौकीवरून तोफांना लक्ष्य दाखवण्यात घालवलेले. निवृत्तीनंतर मी एका खाजगी मोजणी कंपनीला सल्ला देण्याचे काम पत्करले. पाण्याच्या कामासाठी एका गावच्या पाझर तलावाची आणि वरच्या पाणलोटाची ड्रोनवर बसवलेल्या लेसरने मोजणी करायची होती. तेव्हा सुभेदारसाहेब केवळ कुतूहलाने माझ्यासोबत आले, आणि त्यांचे येणे माझ्या शिक्षणाला कारण झाले.

ते एप्रिलच्या अखेरीचे दिवस होते. तलाव कोरडा, तळाला गाळाच्या भेगा आणि सांडव्याच्या बाजूला एक हिरवट डबके. पुण्याहून आलेल्या मुलांनी गावातून चुन्याची पोती मागवून ठरावीक ठिकाणी पांढऱ्या फुल्या आखल्या, प्रत्येक फुलीच्या मध्यावर रोव्हर उभा करून तिचे स्थान टिपले आणि मारुतीच्या पारावर संदर्भयंत्र मांडले. ड्रोन उडाला तो थेट कामाला लागला नाही. आधी त्याने आकाशात आठाचा आकडा दोनतीनदा गिरवला. जमलेल्या पोरांना तो खेळ वाटला, परंतु त्याचे मर्म असे की यंत्राच्या पोटात जे जडत्वमापक असते ते आपली दिशा आणि कल ओळखण्यासाठी अशा वळणांवर अवलंबून असते. हे जडत्वमापकही क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शनातून वाढलेले, आणि जागा सांगणारे उपग्रहही अमेरिकी संरक्षण खात्याने १९७८ पासून आकाशात सोडलेले, ज्यांच्या संकेतांत नागरिकांसाठी मुद्दाम घातलेली अशुद्धता २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली. लेसर, जडत्वमापक आणि उपग्रह ही तीन लष्करी अपत्ये एकत्र आली तेव्हाच हलत्या विमानातून खालच्या जमिनीची मोजणी शक्य झाली. एकट्या लेसरला आपण स्वतः कोठे आहोत हेच कळत नाही, मग तो दुसऱ्याची जागा काय सांगणार?

त्या मुलांतली एक मुलगी संगणक सांभाळत होती. ती आम्हांला समजावू लागली की, “काका, किरण झाडावर पडला की त्याचा थोडा भाग शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून आणि उरलेला फटीतून खाली जाऊन जमिनीवरून. आपण शेवटचा परतावा धरायचा, म्हणजे झाडाखालची जमीन मिळते.” हे ऐकताच सुभेदारसाहेब मोठ्याने हसले.

“भाऊसाहेब, ह्ये तर आमचंच हाय की! म्होरं झुडूप असलं की यंत्र दोन आकडे दावायचं. पयला झुडपाचा आन् शेवटचा बंकरचा. आमी शेवटचा धरायचो.”

शेवटचा प्रतिध्वनी धरण्याची जी युक्ती शत्रूचा मोर्चा हेरण्यासाठी तोफखान्याच्या दुर्बिणीत घातली गेली, तीच युक्ती आता बाभळीखालचा ओघळ शोधीत होती. त्याच युक्तीने २००९ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात, काराकोल नावाच्या माया लोकांच्या प्राचीन नगरीवर उडवलेल्या विमानातून, घनदाट अरण्याखाली दडलेल्या शेतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या ताली उघड्या पडल्या होत्या. तालींचा शोध पुराणवस्तुवेत्त्यांना लागतो तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला का लागू नये, असे माझ्या मनात आले.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात संगणकाच्या पडद्यावर गावचे शिवार उमटले ते रेषांनी नव्हे, ठिपक्यांनी. सेकंदाला लाखोंच्या हिशेबाने टिपलेले ते बिंदू, निळे खालचे आणि तांबडे वरचे. मुलीने एक कळ दाबली आणि बाभळी नाहीशा झाल्या, दुसरी दाबली आणि घरे गेली, आणि उरली ती नुसती भूमी, जिच्यावर बैलगाडीची चाकोरी, नांगराच्या तासांची लय, गेल्या पिढीत मोडून नांगराखाली घातलेल्या एका बांधाचा वितभर उंचवटासुद्धा स्पष्ट दिसत होता. सांडव्याजवळ मात्र एक काळे भोक पडले होते. तिथे ते डबके होते; या जातीचा किरण पाणी गिळून टाकते आणि परतावा येत नाही. आणखी एक जागा संशयास्पद होती, ती विहिरीकाठच्या उसाची. बाभळीच्या फटी किरणाला वाट देतात, परंतु जोमात आलेला ऊस देत नाही. पाचटाच्या थरावरून परतलेला उजेड आपणच जमीन आहोत असे सोंग आणतो. म्हणून ज्याला आपल्या शिवाराची अशी मोजणी करून घ्यायची असेल त्याने ऊस तुटल्यावर आणि पाऊस पडण्यापूर्वीचा मुहूर्त धरावा.

या यंत्राची उंची आणि पाण्याची उंची एकच आहे असे समजण्याचा मोह मोठा असतो, आणि तो आवरणे हेच माझ्या सल्लागारीचे मुख्य काम ठरले. उपग्रह जी उंची देतात ती गणिताने कल्पिलेल्या एका गुळगुळीत लंबगोलापासूनची. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाचा हुकूम मानते, आणि त्या हुकमाने ठरलेली समुद्रसपाटी आमच्या भागात त्या लंबगोलाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे. एका तलावापुरता हा फरक सगळीकडे जवळजवळ सारखाच, म्हणून तो सोसतो. परंतु जिथे कृष्णेचे पाणी उचलून वर्धनगडाच्या डोंगरापलीकडे नेरच्या तलावाकडे आणायचे, अशा जिहे-कठापूरसारख्या लांबच्या योजनेत तोच फरक कोसाकोसाने बदलत जातो, आणि तो दुर्लक्षून आखलेला कालवा कागदावर उतरता आणि जमिनीवर चढता निघू शकेल. समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या सरकारी तलचिन्हाचा दगड शोधून, त्यावर रोव्हर ठेवून, दोन्ही उंचींचा मेळ घालण्याला म्हणूनच पर्याय नाही.

या विद्येचा खरा बाजार कोठे आहे म्हणाल तर तो घनफळात आहे. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेपासून आमच्याकडे तलावांतला गाळ काढण्याच्या कामांना गती आली, आणि गाळ किती निघाला याचा हिशेब ट्रॉल्यांच्या खेपा मोजून लिहिण्याची वहिवाट पडली. खणलेली माती फुगते; जमिनीत जी एक ब्रास असते ती ट्रॉलीत सव्वा ब्रास भरू शकते, आणि हे मोजणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मोजून घेणाऱ्यालाही. लेसरची मोजणी काम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि संपल्यावर एकदा केली की दोन पृष्ठांमधली पोकळी संगणक घनमीटरांत सांगतो आणि खेपांच्या वहीची गरजच राहत नाही. त्या पाझर तलावावर असे दोनदा उड्डाण झाले. दोन्ही हिशेबांतला फरक ऐकून मोजमाप पुस्तक बाळगणारे गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी चहा मागवला.

गावाला मात्र घनफळात रस नव्हता. ड्रोन उडाल्याची बातमी पसरताच शाळेपुढे जी माणसे जमली त्यांतल्या बहुतेकांच्या हातांत सातबारा होता. एक वृद्ध बाई पुढे होऊन म्हणाल्या, “दादा, तुमच्या इमानात समदं दिसतंय म्हनं. मग माज्या दिरानं बांध किती कोरलाय ते दावा.” त्यांना जे उत्तर द्यावे लागले ते मी त्याच शब्दांत येथे देतो, कारण पुष्कळांचा तसाच समज आहे. बांध आज कोठे आहे हे हे यंत्र चार बोटांच्या फरकाने सांगेल. बांध कोठे असायला हवा हे ते सांगणार नाही. ते टिपणात आहे, फाळणीत आहे, एकत्रीकरणाच्या नकाशात आहे, आणि पूर्वी ते शिवेवरच्या दगडांत आणि शिवेच्या वादात ज्याची साक्ष निर्णायक मानली जाई त्या गावच्या महार वतनदाराच्या स्मरणात होते. हक्क हा कागदाचा आणि साक्षीचा विषय आहे, उजेडाचा नव्हे. मोजणीचा अर्ज, फी, नोटीस, लगतधारकांची हजेरी आणि जाबजबाब यांवाचून हद्द कायम होत नाही, आणि ती तशी होऊही नये. बाईंचे समाधान झाले नाही. पण आपल्या शेताचे चित्र पाहताना त्यांनी वरच्या अंगाला बोट ठेवून विचारले की पाणी इकडून का वळत नाही, आणि आम्ही पाहिले तो खरोखरीच तिथे हातभर उंचीची जुनी ताल होती, जी फोडली तर ओघळ त्यांच्या विहिरीकडे येत होता.

आता या मोजण्या मोठ्या कामांत सर्रास होऊ लागल्या आहेत. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या जलद रेल्वेमार्गासाठी हवाई लेसर मोजणी झाली. भारतीय रेल्वेप्रकल्पात ती पहिलीच, आणि नेहमीच्या पद्धतीने दहा-बारा महिने घेणारे काम बारा आठवड्यांत उरकल्याचे तेव्हा सांगितले गेले. २०२०-२१ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वॅपकॉस या सरकारी कंपनीकडून जंगलांत पाणी आणि चारा वाढावा म्हणून वनक्षेत्रांची लेसर मोजणी करून घेतली, तीत महाराष्ट्रही होता. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशांवरची पूर्वपरवानगीची बंधने भारतीय कंपन्यांपुरती उठवली, त्याच वर्षी ड्रोनचे सुटसुटीत नियम आले, आणि पूर्वी ज्या कामासाठी संरक्षण खात्याची पायरी झिजवावी लागे ते आता खाजगी व्यवसाय झाले. हे इष्टच झाले असे माझे मत आहे.

तक्रार आहे ती वेगळी. सार्वजनिक पैशाने केलेली ही मोजणी काम संपल्यावर जाते कोठे? ठेकेदाराच्या संगणकात, फार तर योजनेच्या अभियंत्याच्या कपाटातल्या एका पेटीत. आणि पुढच्या योजनेला तेच शिवार पुन्हा पैसे मोजून मोजावे लागते. ज्या वडूजच्या मामलेदार कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘छोडो भारत’ चळवळीत मोर्चा नेताना परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी गोळीला बळी पडले, त्या कचेरीच्या गावी रयतेच्या जमिनीचा कोणताही कागद रयतेपासून दडलेला असू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. टिपणाची नक्कल जशी ठरलेली फी भरून कोणत्याही खातेदाराला मिळते, तशीच गावच्या उंचीच्या नकाशाची नक्कल मिळाली पाहिजे. आणि त्यासाठी सरकारी खर्चाने झालेल्या प्रत्येक लेसर मोजणीची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जमा करण्याचा एक साधा हुकूम निघाला तरी पुरे. तो निघेपर्यंत वाचकांनी एवढे करावे: आपल्या गावावर असे यंत्र उडून गेले असेल, तर येत्या ग्रामसभेत उभे राहून त्या मोजणीची प्रत कोणाकडे आहे हे विचारावे, आणि मिळालेले उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे.